मोरव्याचं मीठ, नगरचा गांजा आणि सॅन फ्रान्सिस्कोचा वकील

वादविवाद स्पर्धेची चिठ्ठी उघडली आणि घाम फुटला. विषय होता 'गांजा कायदेशीर करावा'. बाजू? अनुकूल! म्हणजे ज्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर 'धूम्रपान करताना आढळल्यास पालकांना बोलावण्यात येईल' असं लाल अक्षरांत लिहिलंय, त्याच हॉस्टेलच्या मुलाने स्टेजवर उभं राहून गांजाची वकिली करायची. रेक्टर सरांना सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं गप्पच होते. मग म्हणाले, "बोल. पण वाचून बोल. ऐकीव माहितीवर बोलू नकोस."

गच्चीवर विषय काढला तर ऐकीव माहितीचा पूरच आला. एक म्हणाला, "अरे, १९८५ पर्यंत आपल्याकडे सगळं मोकळं होतं, अमेरिकेने दबाव आणला म्हणून बंदी आली." दुसरा म्हणाला, "ते तर आयुर्वेदिक आहे." तिसऱ्याचं म्हणणं, "एक झुरका मारला की माणूस वेडा होतो, माझ्या मामाच्या गावात एक होता." तिघेही छातीठोकपणे बोलत होते, आणि वाचलेलं तिघांपैकी कुणीच नव्हतं. (मीही नव्हतो!) म्हणून हा लेख. स्पर्धेचं काय झालं ते शेवटी सांगतो.

पोलीस ठाण्यात जाऊन पेटवलेली सिगारेट

गोष्ट सुरू होते १६ ऑगस्ट १९६४ रोजी, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात. लोवेल एगमायर नावाचा एक तरुण तिथल्या 'हॉल ऑफ जस्टिस'मध्ये, म्हणजे जिथे पोलीस आणि कोर्ट एकाच इमारतीत बसतात तिथे, गेला. पोलिसांसमोर त्याने गांजाची सिगारेट पेटवली आणि सांगितलं की गांजा ओढणं कायदेशीर व्हावं म्हणून मी मोहीम सुरू करतोय, मला अटक करा. पोलिसांनी अर्थातच केली. तेव्हा कॅलिफोर्नियात थोडासा गांजा जवळ असणं हाही गंभीर गुन्हा होता.

त्याचं वकीलपत्र घेतलं जेम्स व्हाइट यांनी. आता आपल्या डोक्यात असं चित्र येतं की गांजाच्या बाजूने बोलणारा म्हणजे लांब केसांचा, गळ्यात माळा घातलेला हिप्पी असणार. व्हाइट यातलं काहीच नव्हते. ते स्वतः गांजा ओढत नसत. राजकारणात तर इतके उजवे की त्या वर्षी रिपब्लिकन पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे असलेले बॅरी गोल्डवॉटरसुद्धा आपल्या डावीकडे आहेत असं ते म्हणत. गोल्डवॉटर म्हणजे तेव्हाच्या अमेरिकेतलं उजवं टोक!

मग अशा माणसाने ही केस घेतली कशाला? कारण ते 'लिबर्टेरियन' होते. मराठीत याला स्वातंत्र्यवादी म्हणू. या मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं : माझं शरीर माझं आहे. मी दुसऱ्याला मारलं, लुटलं, फसवलं तर सरकारने मला जरूर पकडावं. पण मी माझ्या खोलीत बसून स्वतःचं जे काही बरंवाईट करतो, त्यात पोलिसांनी पडू नये. ही कल्पना जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्ये 'ऑन लिबर्टी' या पुस्तकात मांडली होती. एखाद्याने नुसता स्वतःच्या सेवनासाठी गांजा बाळगला म्हणून त्याला तुरुंगात टाकतात, हेच व्हाइट यांना खटकलं. गांजा चांगला की वाईट हा त्यांच्या दृष्टीने दुसरा प्रश्न होता.

पण कोर्टात नुसतं तत्त्वज्ञान चालत नाही, पुरावा लागतो. व्हाइट पुरावा शोधायला बसले आणि त्यांच्या हाती जो सगळ्यात मोठा दस्तऐवज लागला तो आपल्याकडचा निघाला. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनचा १८९४ चा अहवाल! इथे मी वाचता वाचता खुर्चीत सरळ झालो.

सत्तर वर्षांपूर्वीचा पुरावा

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन या दारूबंदीवाल्या खासदाराने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न काढला. गांजामुळे लोक वेडे होतात, गुन्हे करतात, तरी सरकार त्यावर कर घेऊन तिजोरी भरतं, अशी ओरड होती. चौकशीसाठी सात जणांचं कमिशन बसलं. अध्यक्ष होते मॅकवर्थ यंग. सातपैकी तीन सदस्य हिंदी होते. कमिशनने प्रांतोप्रांती फिरून १,१९३ साक्षीदार तपासले. त्यात डॉक्टर, कलेक्टर, आबकारी अधिकारी, व्यापारी असे सगळे होते. अहवाल आणि साक्षी मिळून तीन हजारांवर पानं झाली. (आपण चाळीस पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिताना किती रडतो ते आठवा.)

मुंबई इलाखाही यात होता. इलाख्यातली गांजाची शेती मुख्यतः नगर आणि सातारा या भागांत होत असे. गांजाच्या झाडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यात बी धरलं तर माल हलका ठरतो, म्हणून शेतकरी नर झाडं वेळीच उपटून टाकत. गांजा म्हणजे मादी झाडाचा फुलोरा, भांग म्हणजे पानं आणि चरस म्हणजे चिकट राळ. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कायद्यात लागणार आहे.

आता यातला इंजिनिअरिंगच्या पोराला आवडेल असा भाग. 'गांजाने वेड लागतं' याचा सरकारी पुरावा काय होता? वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी. पुणे, कुलाबा, रत्नागिरी, नागपूर अशा ठिकाणी तेव्हा ही इस्पितळं होती. कमिशनने नोंद कशी होते तेच तपासलं. तर प्रकार असा की रुग्णाला आणायचे पोलीस. फॉर्ममध्ये 'वेडाचं कारण' असा रकाना असायचा आणि तो रिकामा ठेवून चालत नसे. माणूस अनोळखी, घरचं कुणी नाही, मग लिहून टाका 'गांजा'. पुढे इस्पितळातही तेच उतरवून घेत. दरवर्षी तेच आकडे वरच्या अहवालात जात आणि वरचे साहेब म्हणत, बघा, आकडेवारीच सांगते!

कमिशनने १८९२ सालच्या एकूण १,३४४ दाखल रुग्णांची प्रकरणं धरून चौकशी केली. गांजा-भांग-चरस हे कारण असण्याची वाजवी शक्यता फक्त ९८ प्रकरणांत उरली, म्हणजे सुमारे ७.३ टक्के. त्यातल्याही काही रुग्णांत दुसरी कारणं सोबत होती. रीडिंग न घेता मित्राच्या जर्नलमधून आकडे उतरवले की ग्राफ कसा सुंदर येतो हे आपल्याला माहीतच आहे. इथे सरकारी दप्तरात तेच चाललं होतं.

निष्कर्ष काय निघाला? बेताने सेवन करणाऱ्यांत शरीर, मन किंवा नीती यांवर म्हणण्यासारखा वाईट परिणाम दिसत नाही. अतिसेवन मात्र घातक आहे. म्हणून सरसकट बंदी नको. त्याऐवजी पुरेसा कर लावा, लागवड परवान्याशिवाय होऊ देऊ नका, दुकानं कमी ठेवा, एका माणसाने किती बाळगावा याला मर्यादा घाला. पण हेही सांगितलं पाहिजे की तीन हिंदी सदस्यांपैकी दोघांनी, सोशी शिखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, आपला मतभेद लेखी नोंदवला होता.

हा अहवाल व्हाइट यांनी एगमायरच्या बाजूने कॅलिफोर्नियाच्या कोर्टात मांडला. कायदा घटनाबाह्य आहे, शिक्षा क्रूर आहे, असा युक्तिवाद केला. कोर्टाने तो मानला नाही. एगमायरने जवळपास वर्षभर तुरुंगवास भोगला आणि नंतर तो या चळवळीत फारसा दिसला नाही. व्हाइट यांनी मात्र 'लेमार' ही संघटना काढली. 'लीगलाइझ मारिजुआना' याचं ते लघुरूप. १९६४ च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये तिची निदर्शनं झाली. त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कवी ॲलन गिन्सबर्ग लेमारच्या कामात उतरले. ते नुकतेच, १९६२-६३ मध्ये, भारतात राहून गेले होते.

कॅलिफोर्नियात १९७२ साली या प्रश्नावर मतदान झालं आणि प्रस्ताव दणकून पडला. औषध म्हणून परवानगी १९९६ मध्ये मिळाली, प्रौढांना सरसकट परवानगी २०१६ मध्ये. म्हणजे एगमायरच्या अटकेपासून बावन्न वर्षं!

मोरव्याच्या मिठागरावरून

हे वाचत असताना सुट्टीत घरी गेलो होतो. माझं घर मोरव्याला. भाईंदरला पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरायची, मुर्धा, राई आणि मग मोरवा. या पट्ट्यात खाडीलगत मिठागरं. माझ्या आज्याचं आयुष्य मिठागरावर गेलं. मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. गांजाबद्दल तो काही बोलला नाही, तंबाखू मळत ऐकत राहिला. एगमायरचं ऐकून मात्र म्हणाला, "म्हंजे मिठाच्या सत्याग्रहासारखंच की रे."

आणि खरंच की! १९३० साली विलेपार्ल्याच्या छावणीतून, वडाळ्याच्या आगरांवर लोक जाऊन उघडपणे मीठ उचलत होते. चोरून कायदा मोडायचा नाही, सगळ्यांसमोर मोडायचा आणि 'पकडा' म्हणायचं. एगमायरची पद्धत तीच. स्वातंत्र्याच्या लढ्याची आणि गांजाच्या मोहिमेची मी बरोबरी करत नाहीये. मीठ सगळ्यांच्या जेवणात लागतं, गांजावाचून कुणाचं अडत नाही. पण आजा नकळत आणखी एका गोष्टीजवळ पोचला होता. मुंबई इलाख्यात मीठ, अफू आणि आबकारी यांच्यावर एकच कमिशनर असे. मोरव्यासारख्या गावाच्या मिठावर नजर ठेवणारं आणि गांजाच्या दुकानाला परवाना देणारं खातं वरच्या टोकाला एकच! कमिशनने बंदी नको म्हटलं यामागे पुरावा होता, तसंच महसुलाचं गणितही होतं. लोकांचं स्वातंत्र्य हा काही त्या साहेबांचा मुद्दा नव्हता.

म्हणून व्हाइट यांचा युक्तिवाद नीट बघायला हवा. त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या. एक, माणसाचा हक्क. दुसरी, नुकसान फारसं नाही हा पुरावा. यातली पहिली खरी मानली तर दुसरीची गरजच नाही. आणि दुसरीवरच सगळं उभं केलं, तर उद्या नवा पुरावा आला की इमारत कोसळते.

मुंबईत अशा स्वातंत्र्यवादी विचारांची माणसं नव्हती असं नाही. १९५० च्या दशकात इथून 'द इंडियन लिबर्टेरियन' नावाचं नियतकालिक निघत असे. मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून खटले अंगावर घेतले. विषय वेगळा, संततिनियमनाचा, पण प्रश्न हाच : माणसाच्या खासगी आयुष्यात कायद्याने कुठवर शिरायचं? आणि १९५१ मध्ये 'बलसारा' खटल्यात सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या दारूबंदी कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या, तरी दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला.

आपला कायदा : तीन गैरसमज

गैरसमज पहिला : '१९८५ पर्यंत सगळं मोकळं होतं.' महाराष्ट्रापुरतं हे चूक आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात दारूसोबत गांजा-भांगही येते. परवान्याशिवाय बाळगणं, विकणं तेव्हापासूनच गुन्हा. काही इतर राज्यांत मात्र परवानाधारक दुकानं चालू होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, एनडीपीएस कायदा आला.

गैरसमज दुसरा : 'भांग चालते.' एनडीपीएसच्या व्याख्येत चरस आणि गांजाचा फुलोरा येतो, नुसती पानं येत नाहीत. त्यामुळे काही राज्यांत भांगेची सरकारी परवान्याची दुकानं आहेत. पण महाराष्ट्रात वर सांगितलेला राज्याचा कायदा लागू आहे. होळीला थंडाईत 'ती' घालणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

गैरसमज तिसरा : 'थोडासा असेल तर काही होत नाही.' २००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा प्रमाणावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत म्हणजे 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर 'व्यापारी प्रमाण', तिथे किमान दहा वर्षं. मधल्याला दहा वर्षांपर्यंत. नुसतं ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. आणि हॉस्टेलवाल्यांनो, कलम २५ वाचा : आपली जागा अशा कामाला वापरू दिली, तीही जाणूनबुजून, तर जागा ताब्यात असणाराही दोषी ठरू शकतो. 'मी ओढत नव्हतो, रूम फक्त माझी होती' हे उत्तर पुरेल असं समजू नका.

पण याच कायद्यात कलम ६४-अ सुद्धा आहे. व्यसन लागलेला माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावरची कारवाई टळू शकते. ही गोष्ट आमच्या गच्चीवर एकालाही माहीत नव्हती.

कायद्याचा फटका कुणाला बसतो? २०१७ आणि २०१८ मधल्या मुंबईतल्या दहा हजारांवर प्रकरणांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बहुसंख्य प्रकरणं विक्रीची नव्हतीच, स्वतः सेवन करण्याची होती. आणि पकडले गेलेले बरेचसे रोजंदारीवरचे, झोपडपट्टीत किंवा फुटपाथवर राहणारे. मोठ्या घरचाही अपवाद नाही म्हणा. २०२१ च्या क्रूझ प्रकरणात एका प्रसिद्ध नटाच्या मुलाने तीन आठवड्यांहून जास्त कोठडी काढली आणि मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याचं नाव आरोपपत्रात आलंच नाही. त्याच्याकडे नामांकित वकील होते. आपल्यासारख्याचं काय होईल?

आणि दुसरी बाजू

एवढं वाचून कुणी 'म्हणजे ओढायला हरकत नाही' असं म्हणत असेल, तर थांबा. १८९४ चा अहवाल १८९४ च्या गांजाबद्दल आहे. नशा आणणाऱ्या द्रव्याचं, टीएचसीचं, प्रमाण आज मिळणाऱ्या बऱ्याच मालात पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त असतं. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. कोवळ्या वयात आणि रोज ओढणाऱ्यांत भ्रम, संशय अशा मानसिक आजारांचा धोका वाढतो, घरात असा आजार असेल तर आणखीच. सवय जडते का? ओढून बघणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला जडते. दहा हा आकडा लहान वाटतो, पण आमच्या विंगमध्ये चाळीस पोरं आहेत. करा गणित.

एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गेल्या वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले लोक २.८ टक्के, म्हणजे सुमारे तीन कोटी दहा लाख निघाले. इतक्या लोकांना तुरुंगात घालणं शक्य नाही, आणि इतक्या लोकांचा प्रश्न नाहीच असं म्हणणंही शक्य नाही.

जगही अजून चाचपडतंय. कॅनडाने २०१८ मध्ये परवानगी दिली. थायलंडने २०२२ मध्ये दारं उघडली आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीपुरती पुन्हा लावून घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ अशा काठावरच्या मतांनी. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं. उत्तराखंडने २०१८ पासून धाग्यासाठी आणि बियांसाठी हेम्पच्या लागवडीला परवाने दिले. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये पिकाला भाव मिळत नाही म्हणून गांजा लावायची परवानगी मागणारा अर्ज केला होता. पेपरात ती बातमी वाचून आपण हसलो असू. पण नगर-साताऱ्याचे शेतकरी एकेकाळी परवाना घेऊन हेच पीक काढत होते, हे कळल्यावर त्या अर्जाकडे बघायची नजर बदलते.

स्पर्धेचं काय झालं?

पहिल्या फेरीतच बाहेर! परीक्षक म्हणाले, तू अनुकूल बाजूने उभा राहून अर्धा वेळ प्रतिकूल बोललास. बरोबर आहे त्यांचं. पण मला जे पटलं ते एवढंच : ओढणं शहाणपणाचं आहे का आणि ओढणाऱ्याला तुरुंगात घालावं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला माझं उत्तर 'नाही' आहे. दुसऱ्यालाही 'नाही'च. व्हाइट स्वतः ओढत नव्हते आणि तरी दुसऱ्यासाठी कोर्टात उभे राहिले, हे मला त्यांच्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. कायदा बदलायचा तर तो असा, उघड, नाव सांगून आणि किंमत मोजून बदलतो. टॉयलेटची खिडकी उघडी ठेवून नाही.

परतताना आजा बस स्टॉपवर सोडायला आला होता. म्हणाला, "त्या वकिलाची केस तर पडलीच ना? मग उपेग काय?" बस आली, उत्तर राहून गेलं. बावन्न वर्षं लागली हे त्याला पुढच्या सुट्टीत सांगेन.

आणि शेवटचं, अगदी मनापासून. आपल्या विंगमध्ये कुणी रोज ओढत असेल, लेक्चरला येत नसेल, एकटा एकटा बसत असेल, तर त्याची चेष्टाही करू नका आणि चहाडीही करू नका. कलम ६४-अ त्याला समजावून सांगा आणि डॉक्टरकडे त्याच्यासोबत जा. रेक्टर सरांना मी विचारलंय. ते म्हणाले, "स्वतःहून आला तर आधी दवाखाना, पालक नंतर." नोटीस बोर्डावर हे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.